सहादूचा दहावा

नाशिक रोडला ऐंशी सालाच्या आगेमागे जो कुणी आठवीत होता, त्याला गाठा आणि नुसतं विचारा, "सहादू कसा गेला रे?" तो हातातला चहा खाली ठेवील आणि सांगेल, विहिरीची दरड अंगावर आली. मग सहादूची धाकटी बहीण कशी, बाप कसा घुम्या, आई रोज संध्याकाळी दारात कशी येऊन उभी राहायची, सगळं सांगेल. तुम्हाला वाटेल, शेजारच्या क्वार्टरमधलंच घर असावं. आणि गंमत अशी की हा सहादू कधी जन्मलाच नव्हता! तो एका पुस्तकातला पोरगा. चंद्रभागा दोंदे बाईंनी त्याला आमच्यात आणून वसवला आणि तो कायमचा राहिला.

बाईंचं मूळ गाव चांदवडकडचं. वडील गोटीराम रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि बिऱ्हाड नाशिक रोडला आलं. गोटीरामांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरात देव-देवस्की नाही, पण पुस्तकाला पाय लागला तर पोरीच्या पाठीत धपाटा ठरलेला. आई सगुणाबाई विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि समोर पोर मोठ्यांदा वाचतेय, असं ते घर. अक्षर एक येत नव्हतं सगुणाबाईंना, पण पोर वाचता वाचता थांबली की हात थांबवून म्हणायच्या, "पुढं काय झालं ते सांग की गं, मधीच काय पाणी पितीस!"

चंद्रभागा कॉलेजात असताना गोटीराम गेले. बौद्ध वस्तीत पिंड नसतो, कावळा नसतो. माणसं जमली, बुद्धवंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, आणि मग रीतीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "आता गोटीरामबाबांबद्दल ज्याला बोलायचं त्यानं चार शब्द बोलावेत." काका उठले, खाकरले, "लय चांगला माणूस व्हता" म्हणून खाली बसले. पुढं कुणी उठेना. तेव्हा ही मुलगी उठली. वडील रुळांवरून चालून आल्यावर पाय पाण्यात सोडून तिच्याकडून धडा कसा म्हणवून घ्यायचे, ते तिनं सांगितलं. आवाज फुटत होता, पण थांबली नाही. सगळी वस्ती ऐकत राहिली. सगुणाबाई नंतर कित्येक वर्षं सांगायच्या, की त्या दिवशी आमची चंदा मास्तरीण झाली, बीएड बीएड म्हणतात ते मागनं झालं.

नोकरी मिळाली ती एका खासगी संस्थेच्या शाळेत. आता खासगी शाळा म्हणजे काय ते ठाऊक असलेल्याला सांगायला नको. आधी हंगामी, मग काही वर्षं काढा, मग हेडमास्तरांचा शेरा चांगला पडला तर कायम. तोवर मान खाली. हेडमास्तर होते दाणी सर. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. शाळेत चिमणीनं जोरात चिवचिव केली तरी हे खिडकीशी येऊन बघायचे, की कुणी तक्रार तर करणार नाही?

बाईंकडे आठवीचं मराठी आलं, आणि त्याबरोबर शनिवारचा शेवटचा तास, स्थूलवाचनाचा. या तासाला बाकीचे मास्तर काय करायचे ते सांगितलं तर वाईट दिसेल. कुणी पेपर तपासायचा, कुणी पोरांना आपापलं वाचा म्हणून खुर्चीत डोळे मिटायचा. दोंदे बाईंनी शाळेच्या कपाटातून एक कुमार कादंबरी शोधून काढली. 'थोरल्याची शिट्टी' तिचं नाव, लेखक कुणालाच ठाऊक नाही, आणि प्रत एकच. म्हणून बाई स्वतः मोठ्यानं वाचायच्या. शनिवारी एक प्रकरण. ते संपलं की पुस्तक मिटायचं, पिशवीत टाकायचं, आणि कुणी कितीही गयावया केली तरी पुढची ओळ सांगायची नाही. "आठवडाभर डोक्यात वागवा," म्हणायच्या. "गोष्ट काय गोळी आहे, तोंडात टाकली की विरघळली?"

गोष्ट साधी होती. सहादू संध्याकाळी कामावरून येताना वेशीपासून शिट्टी वाजवत यायचा. शिट्टी ऐकली की आई तवा ठेवायची. धाकट्या बहिणीला त्यानं शिट्टी शिकवायचं कबूल केलं होतं. मग ती विहिरीची दरड कोसळली आणि शिट्टी बंद झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शनिवारी बाई दहाव्याच्या प्रकरणाला आल्या. नदीवर पिंड ठेवलाय. कावळा उंबरावर येऊन बसलाय, पण शिवत नाही. बाप म्हणतो, तुझ्या बहिणीला शिकवीन. चुलता म्हणतो, तुझी अर्धी विहीर मी पुरी करीन. मामा म्हणतो, तुझ्या आईला अंतर देणार नाही. कावळा मान वाकडी करून बघतो आणि जागचा हलत नाही. तिथं प्रकरण संपलं, बाईंनी पुस्तक मिटलं, आणि घंटा झाली.

वर्ग जागचा उठेना. नाशिकची पोरं ती! रामकुंडावर मामाच्या, आजोबांच्या दहाव्याला जाऊन आलेली, कावळा न शिवण्याचा अर्थ त्यांना सांगावा लागत नव्हता. गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलंय, आणि जिवंत माणसांना ते ओळखता येत नाही.

शनिवार ते शनिवार वाट बघणं काही या पोरांना झेपलं नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत आख्खी आठवी शाळेच्या मागच्या भिंतीशी जमली. पळसाच्या पानावर भाताचा गोळा. गोळा केला होता झुंबरनं. ही झुंबर मल्हारी कोठुळे त्याच वर्षी शाळेत आलेली, नोटा छापायच्या प्रेसच्या क्वार्टरमध्ये नवीन बिऱ्हाड. वर्गात गप्प असायची, पण पिंड तिनं अगदी रीतसर वळला होता, वर घरून आणलेले काळे तीळ सुद्धा. मग एकेकानं पुढं होऊन सहादूला शब्द दिला.

"सहादूदादा, तुझ्या बहिणीला आम्ही आमच्या वर्गात घेऊ."

"सहादूदादा, तुझी विहीर माझे काका खणतील. त्यांच्याकडे सुरुंगाचा परवाना आहे."

आता चाळीस पोरं घेरा घालून उभी असताना कोणता कावळा खाली उतरेल? एक उतरला, तोही पलीकडे उघड्या पडलेल्या डब्यातलं थालीपीठ घेऊन पसार झाला. ते शिवलं धरायचं की नाही, यावर अशी भांडणं जुंपली की दाणी सर धावत आले. पिंड बघितला आणि भिंतीला टेकले. झुंबर तेवढी हाताची घडी घालून पानाकडे बघत उभी होती. तिनं सहादूला काहीच कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत मल्हारी कोठुळे ऑफिसात हजर. प्रेसमध्ये कामाला, युनियनमध्ये बोलणारा, आवाज असा की बाहेर घंटेजवळ बसलेला शिपाई पुंजा उठून उभा राहिला. घरात तिळाचा डबा उघडा सापडला होता आणि पोरीनं सगळं सांगून टाकलं होतं.

"सर, आई-बाप धडधाकट असताना माझ्या पोरीच्या हातनं पिंड ठेवून घेतला! शाळा आहे का घाट? आणि शिकवतंय कोण? ज्यांच्यात पिंडच नसतो त्या बाई! त्यांना काय कळणार आमच्यातलं!"

शेवटचं वाक्य बोलल्यावर तो जरा चपापला, पण मागं घेतलं नाही. दाणी सरांनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. बाई उभ्या होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, हे त्यांनीच पुढं सांगितलं. पण आवाज वर्गातला ठेवला.

"पिंड मी ठेवून घेतला नाही, कोठुळेभाऊ. मुलांचं चुकलं आणि ते मी त्यांना सांगेन. राहिली दुसरी गोष्ट. मी पिंड मानत नाही, हे खरं आहे. पण न मानणं वेगळं आणि न कळणं वेगळं. माणूस गेल्यावर घरात काय होतं, ते कळायला जात लागत नाही. माझेही वडील गेलेत."

दाणी सर घाईनं मध्ये पडले. "दोंदे बाई, वाद नको. ते पुस्तक इथं कपाटात ठेवा. एखादं विनोदी काहीतरी वाचा. तुमचं कायम व्हायचं या वर्षी आहे, मला शेरा लिहायचा आहे, तुम्ही समजून घ्या."

समजायला काय, सगळं समजलं होतं. पुस्तक द्या आणि कायम व्हा. बाईंनी पिशवीतलं पुस्तक काढलं, पण टेबलावर ठेवलं नाही.

"सर, कावळा अजून उंबरावर बसलाय. तिथं गोष्ट तोडली तर ही पोरं जन्मभर त्या भिंतीपाशी उभी राहतील. मला एक शनिवार द्या. तुम्ही पाठ निरीक्षणाला बसा. कोठुळेभाऊ, तुम्हीही बसा. एक शब्द वावगा वाटला तर तिथंच थांबवा, मी पुस्तक आणि राजीनामा एकदमच देते."

"बसतो की!" मल्हारी म्हणाला. "बघतोच काय शिकवता."

घरी सगुणाबाईंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, काय डोक्यावर पडलीस का? ठिव की ते पुस्तक कपाटात! सहादू काय तुझा सख्खा भाव हाय? आधी कायम व्हय, मंग वाच काय वाचायचं ते. तुझा बाप रुळावर उन्हातानात मेला, मी ह्या तंबाखूत डोळे घातले, ते कशापायी?"

आईचं खोटं नव्हतं. पण पुस्तक बाईंच्या पिशवीतच राहिलं.

शनिवारी मागच्या बाकावर एका टोकाला दाणी सर आणि दुसऱ्या टोकाला मल्हारी कोठुळे. एवढ्या लहान बाकात मल्हारीचे गुडघे मावेनात. झुंबरनं एकदा मागं बघितलं आणि मान खाली घातली. बाईंनी सुरुवातीलाच मुलांना सांगितलं, की दहावा ही ज्यांच्या घरी दुःख झालंय त्यांची गोष्ट, ती खेळायची नसते. "तुमची माया खरी होती, पण जागा चुकली." मग पुस्तक उघडलं.

सगळ्यांचे शब्द देऊन झालेत. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागलेत. एवढ्यात सहादूची धाकटी बहीण पळत येते. तिला लहान म्हणून घरी ठेवलेलं, ती शेजारणीच्या हाताला हिसडा देऊन आलीय. ती काहीच कबूल करत नाही. उलट उंबराकडे तोंड करून भांडते. मला शिट्टी शिकवायची म्हणालास, न शिकवता गेलास, लबाड कुठला! आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला बघते. नुसती हवा येते. परत मारते, परत हवा. आणि उंबरावरून कावळा खाली येतो.

बाई थांबल्या. "का आला कावळा?"

"शिट्टी ऐकून!" पाच-सहाजण ओरडले.

"भूक लागली म्हणून," मागून एकजण म्हणाला, आणि वर्ग हसला. बाई सुद्धा हसल्या. "असेलही. पुस्तकवाल्यानं सांगितलेलं नाही, म्हणजे दोन्ही चालेल. आता दुसरं सांगा. सगळ्यांनी सहादूला गोड गोड कबूल केलं. मग ही बहीण त्याच्याशी भांडली का?"

कुणालाच येईना. वेळ जात होता. दाणी सरांनी घड्याळ बघितलं. तेव्हा वर्ष उजाडल्यापासून एकदाही हात वर न केलेली झुंबर हात वर न करताच उभी राहिली.

"बाई, कारण बाकीचे सगळे त्याला जा म्हणत होते. ती एकटीच त्याच्याशी बोलत होती."

बाईंनी हे पुस्तक कितीदा वाचलं होतं, पण हे त्यांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं. "शाब्बास," त्या म्हणाल्या. पण पोरगी बसेना.

"माझा भाऊ भिकन दारणा नदीत बुडाला तेव्हा मला रामकुंडावर नेलं नाही. शेजारी ठेवलं. आल्यावर कुणी काही बोललंच नाही. त्याचा फोटो पण पेटीत ठेवला. आई रडते म्हणून नाव काढायचं नाही. मला त्याला विचारायचं होतं, मला सोडून पोहायला का गेलास." एवढं बोलून ती बाकावर डोकं ठेवून रडायला लागली.

मग मागच्या बाकावर खडखड झाली. मल्हारी उठला होता. तो कुणाकडे न बघता दारातून बाहेर गेला. दाणी सरांनी बाईंकडे असं बघितलं, की संपलं आता. बाईंनाही तेच वाटलं. पण घंटा व्हायची होती आणि पान अर्धं राहिलं होतं. त्या झुंबरच्या बाकापाशी गेल्या, एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हातात पुस्तक धरलं आणि प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. याला म्हणतात मास्तरीण!

बाहेर नळावर मल्हारी तोंड धूत होता. बाईंना बघून त्यानं टोपीनंच तोंड पुसलं. युनियनमधला आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"बाई, उद्या घरी याल? ते पुस्तक घेऊन. हिच्या आईला वाचून दाखवा. मला ते जमायचं नाही."

रविवारी दुपारी बाई प्रेसच्या क्वार्टरमध्ये गेल्या. झुंबरची आई यशोदाबाई भिंतीला टेकून बसली होती, अंगानं वाळलेली, डोळ्यांत पाणी सुद्धा नसलेली. बाईंनी पहिल्यापासून वाचलं. मध्ये चहा झाला, घरातल्या सगळ्यांच्या कपातलाच एक कप बाईंना आला, तो बाईंनी घेतला आणि पुढं वाचलं. संध्याकाळ झाली तेव्हा कावळा खाली आला आणि गोष्ट संपली. यशोदाबाई म्हणाली, "तुमच्यात पिंड नसतो ना बाई? मग तुम्ही काय करता हो?"

"माणसं जमतात. वंदना होते. मग गेलेल्या माणसाबद्दल ज्याला जे आठवतं ते तो उभा राहून चार शब्दांत सांगतो. माझ्या वडिलांच्या वेळी मी बोलले होते."

"बायामाणसं पण बोलतात?"

"बोलतात."

यशोदाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. मल्हारीनं तिच्या पुढ्यातला कप बाजूला सरकवला. ती भिंतीचा आधार घेत उठली, पदर डोक्यावर सारखा केला आणि त्या दहा बाय दहाच्या खोलीत, भरल्या सभेत उभं राहावं तशी उभी राहिली.

"आमचा भिकन," ती म्हणाली आणि थांबली. परत म्हणाली, "आमचा भिकन आंघोळीला लय छळायचा. तांब्या दिसला की पळायचा. गल्लीभर माझ्या पुढं उघडा पळायचा मेला. आन त्यालाच पाणी आवडाया लागलं, बघा." ती हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. झुंबर उठून तिला बिलगली आणि म्हणाली, आता माझी पाळी. तिनं भिकनशी भांडण काढलं ते सगळ्यांनी ऐकलं. शेवटी मल्हारी उठला. त्याला चार शब्द काही जमले नाहीत. तो आत गेला, पेटी उघडली, आणि फोटो आणून खिळ्याला लावला.

बाई घरी आल्या तेव्हा सगुणाबाई दारातच मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. पोरगी उशिरा आली म्हणून रागावलेल्या. "काय झालं? काढलं का तुला?"

बाईंनी सगळं सांगितलं. सगुणाबाईंचे हात चालतच होते, पण यशोदाबाई उठली तिथं ते थांबले.

"उभं राहून बोलली?"

"उभं राहून."

"आपल्यात बोलत्यात तशी? चार शब्द?"

"तश्शीच, आई. तिनंच विचारून घेतलं."

सगुणाबाईंच्या लहानपणी चांदवडकडे मराठ्यांच्या विहिरीवर त्यांची घागर वरून ओतून भरली जायची, ते त्यांनी पोरीला कधीतरीच सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि मान ताठ झाली. "तुझा बाप पायजे हुता आज," एवढंच म्हणाल्या. मग सूप खाली ठेवलं, लुगड्यावरची तंबाखू झटकली आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, निघालीस कुठं? अजून माझ्या कायमचं काही कळलेलं नाही. शेरा लिहायचाय सरांनी."

"कायम व्हशील तवा व्हशील," सगुणाबाई म्हणाल्या. "आधी हे वस्तीत सांगून येते."